मॉरिशसचें स्वराज्य

१२ मार्च १९६८ रोजीं भर दुपारीं पोर्ट लुई शहरांतील शां द मार्स मैदानावर इंग्रजांचें निशाण खालीं उतरलें आणि तांबड्या, निळ्या, पिवळ्या व हिरव्या पट्ट्यांचें एक नवें निशाण वर चढलें. मॉरिशस स्वतंत्र झालें. गांधीजींची दांडीयात्रा ज्या तारखेस निघाली, तीच तारीख या समारंभासाठीं निवडली होती. परंतु स्वातंत्र्याच्या दिवशीं जो उल्हास सगळ्या राष्ट्राच्या तोंडावर दिसावा, तो तेथें निम्म्याच तोंडांवर होता. अवघ्या दोन महिन्यांपूर्वीं याच शहरांत दोन जमातींमध्यें दंगल होऊन पंचवीसएक माणसें प्राणांस मुकलीं होतीं. शांतता राखण्यासाठीं गोरी पलटण आणावी लागली होती. इंग्लंडच्या राजघराण्यांतील राजकन्या अलेक्झांड्रा समारंभास यावयाच्या होत्या, त्यांचें येणें रद्द झालें होतें. आणि सात महिन्यांपूर्वींच्या निवडणुकींत शेंकडा सुमारें ४४ मतें स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्या पक्षाकडे गेलीं होतीं. ज्या देशांत इतक्या लोकांना स्वराज्याचेंच भय वाटतें, तो देश टिकणार कसा? हा प्रश्न त्या वेळीं पुष्कळ जाणत्यांना पडला होता. त्याचें उत्तर पुढील अर्ध्या शतकानें दिलें. तें उत्तर काय, आणि त्यासाठीं कोणाला काय मोजावें लागलें, हें समजून घेण्यासारखें आहे.

मॉरिशस हें हिंदी महासागरांत मादागास्करच्या पूर्वेस सुमारें ८०० किलोमीटरांवर वसलेलें बेट. मुख्य बेटाचें क्षेत्रफळ सुमारें १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ निम्म्या गोव्याएवढें. येथें मूळचे रहिवासी असे कोणीच नव्हते, ही या देशाच्या इतिहासांतील पहिली ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट. डच लोकांनीं १५९८ सालीं बेटाला आपल्या राजपुत्र मॉरिसचें नांव दिलें आणि १७१० मध्यें तें सोडून दिलें. मग फ्रेंच आले. त्यांनीं आफ्रिका व मादागास्कर येथून गुलाम आणून उंसाची लागवड वाढविली. १८१० मध्यें इंग्रजांनीं बेट जिंकलें, पण शरण आलेल्या फ्रेंच रहिवाशांचे कायदे, धर्म व रीतिरिवाज कायम ठेवण्याचें वचन दिलें. त्यामुळें राज्य इंग्रजांचें, जमीन फ्रेंचांची आणि घाम गुलामांचा, अशी वांटणी झाली. १८३५ मध्यें गुलामगिरी बंद झाली, तेव्हां मळ्यांना नवे हात हवे झाले. ते हिंदुस्थानांतून नेण्यांत आले. १८३४ पासून सुमारें पाऊणशें वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी मजूर गिरमिटाच्या करारानें या बेटावर उतरले. ते मुख्यतः कलकत्ता व मद्रास या बंदरांतून गेले. मुंबईहून गेलेल्यांत कोंकण व देश या भागांतील मराठी माणसेंहि होतीं. बेटावरील प्रत्येक माणूस असा कोणत्या ना कोणत्या गलबतांतून आलेल्याचा वंशज आहे. कोणी मालक म्हणून आला, कोणी साखळदंडांत आला, तर कोणी करारावर अंगठा उठवून आला.

या अंगठा उठविणाऱ्यांच्या नातवंडांना राज्यकारभारांत तोंड उघडावयास फार काळ लागला. १८८५ च्या घटनेनें मताधिकार मिळाला, तो मालमत्ता असणाऱ्या मूठभरांना. १९०१ सालीं दक्षिण आफ्रिकेहून परततांना गांधीजी येथें थोडे दिवस उतरले होते; मुलांना शिकवा व राजकारणांत लक्ष घाला, असा उपदेश त्यांनीं हिंदी लोकांना केल्याचें सांगतात. १९०७ मध्यें मणिलाल डॉक्टर हे वकील आले आणि मजुरांच्या बाजूनें कोर्टांत उभे राहूं लागले. १९३६ मध्यें डॉ. मॉरिस क्युरे यांनीं मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ व १९४३ मध्यें उंसाच्या मळ्यांवर संप झाले व गोळीबार झाले. अखेर १९४७ च्या घटनेनें, बेटावरील कोणत्याहि एका भाषेंत साधें वाक्य लिहितां-वाचतां येणाऱ्यास मत मिळालें, आणि मतदारांची संख्या सुमारें बारा हजारांवरून एकदम सत्तर हजारांवर गेली. मळ्यावरील बैठकींत संध्याकाळीं दिव्याच्या उजेडांत गिरविलेल्या अक्षरांना असें मोल आलें. १९५९ मध्यें सर्व प्रौढांना मत मिळालें. या सर्व काळांत मजूर पक्षाचें नेतृत्व डॉ. शिवसागर रामगुलाम यांच्याकडे आलें होतें. ते गिरमिटिया बापाचे पुत्र असून विलायतेंत वैद्यक शिकून आले होते. स्वभावानें सावध, वाटाघाटींत चिकट.

हिंदी वंशाचे लोक दोन-तृतीयांशांच्या घरांत असल्यामुळें प्रौढ मतदानाचा अर्थ इतरांना सरळ दिसत होता. गुलामांचे वंशज क्रिओल, फ्रेंच मळेवाले, चिनी व्यापारी आणि कांहीं मुसलमान यांना भय वाटूं लागलें कीं, इंग्रज गेले तर आपण हिंदूंच्या राज्यांत कायमचे अल्पसंख्य होऊन बसूं. गाएतां द्युव्हाल या तरुण व वक्तृत्वसंपन्न क्रिओल पुढाऱ्यानें या भयाला वाणी दिली. पूर्ण स्वातंत्र्याऐवजीं ब्रिटनशीं कांहीं संबंध राखावा, ही त्याच्या पक्षाची मागणी. १९६५ च्या सप्टेंबरांत लंडन येथें घटनापरिषद भरली, तेव्हां ब्रिटिश सरकारनें स्वातंत्र्य देण्याचें ठरविलें, परंतु त्याच वेळीं दुसरा एक सौदाहि केला. मॉरिशसच्या ईशान्येस दूर समुद्रांत असलेला चागोस हा द्वीपसमूह ब्रिटनला हवा होता; तेथें अमेरिकेचा लष्करी तळ व्हावयाचा होता. तीस लाख पौंड भरपाई देऊन ८ नोव्हेंबर १९६५ रोजीं तीं बेटें मॉरिशसपासून तोडण्यांत आलीं. स्वातंत्र्य मागावयास गेलेल्या पुढाऱ्यांना नाहीं म्हणण्याची कितपत मोकळीक होती, हा वाद पुढें जागतिक न्यायालयापुढें गेला. त्याकडे शेवटीं यावयाचें आहे.

आतां घटनेंतील एका विलक्षण योजनेचा विचार करूं. मुख्य बेटाचे २० मतदारसंघ. प्रत्येकांतून तीन सभासद. रॉड्रिग्स बेटाचा एक मतदारसंघ, त्यांतून दोन. असे ६२ सभासद मतांनीं निवडून येतात. मतदारसंघांत जितक्या जागा, तितकीं मतें प्रत्येक मतदाराला असतात. परंतु एवढ्यानें अल्पसंख्य जमातींना धीर येईना. म्हणून आणखी आठ जागा अशा ठेविल्या कीं, त्या हरलेल्या उमेदवारांतून भरावयाच्या. यांना तेथें ‘बेस्ट लूझर’, म्हणजे पराभूतांतील सरस, असें म्हणतात. सर्व लोकसंख्येचे हिंदू, मुसलमान, चिनी व ‘सामान्य लोक’ असे चार भाग धरलेले आहेत. निकाल लागल्यावर ज्या जमातीला तिच्या संख्येच्या मानानें सर्वांत कमी जागा मिळाल्या असतील, तिच्यांतील पराभूत पण सर्वांत अधिक मतें मिळविणाऱ्या उमेदवाराला बोलावून सभागृहांत बसवितात. पहिल्या चार जागा अशा, पक्ष न पाहतां, द्यावयाच्या. उरलेल्या चार देतांना पक्षांचें मूळचें बलाबल बिघडणार नाहीं, अशी काळजी घ्यावयाची. यासाठीं प्रत्येक उमेदवारानें अर्जांतच आपली जमात लिहावी, असा नियम झाला. हिंदुस्थानांत इंग्रजांनीं जे विभक्त मतदारसंघ केले होते, त्यांहून ही योजना पुष्कळ बरी. येथें मत सर्वांनीं मिळून द्यावयाचें. जमातीचा हिशेब मागाहून. ७ ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकींत स्वातंत्र्यवादी आघाडीनें ६२ पैकीं ३९ जागा जिंकल्या, द्युव्हाल यांच्या पक्षानें २३. आणि त्या बळावर स्वातंत्र्य आलें.

स्वतंत्र झालेल्या देशाच्या पदरांत होतें काय? सुमारें आठ लाख माणसें आणि ऊंस. निर्यातींत शेंकडा ९० हून अधिक वांटा एकट्या साखरेचा. हिंवतापाचें निर्मूलन झाल्यानें लोकसंख्या झपाट्यानें वाढत होती, आणि कामें मात्र वाढत नव्हतीं. जेम्स मीड या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १९६१ मध्यें बेटाच्या भवितव्याविषयीं फार निराशेचें चित्र काढलें होतें. पुढें १९७७ मध्यें त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. पण या बेटापुरतें त्यांचें भाकीत खोटें ठरलें.

मुख्य प्रधान रामगुलाम यांनीं १९६९ मध्यें एक अनपेक्षित पाऊल टाकलें. ज्या द्युव्हाल यांनीं स्वातंत्र्याला विरोध केला, त्यांनाच त्यांनीं मंत्रिमंडळांत घेतलें. भ्यालेल्या जमातींना राज्यांत वांटा मिळाला, आणि दंगलीचा धूर विरला. हा शहाणपणा खराच. पण त्याच्या पाठोपाठ जें झालें, तें शहाणपणाचें म्हणतां येत नाहीं. घटना दुरुस्त करून १९७२ मध्यें यावयाची निवडणूक १९७६ पर्यंत पुढें ढकलण्यांत आली. सगळे मोठे पक्ष एका पंक्तीस बसले म्हणजे विरोध रस्त्यावर येतो, हा नियम येथेंहि खरा ठरला. १९६९ मध्येंच पॉल बेरांजे या तरुणानें आपल्या सहकाऱ्यांसह नवा लढाऊ पक्ष काढला. जमात नव्हे, वर्ग पाहा, हें त्याचें ब्रीद. १९७० च्या पोटनिवडणुकींत या पक्षाचे देव विरासामी विजयी झाले, तेंहि हिंदूबहुल मतदारसंघांत. १९७१ मध्यें गोदी-कामगारांचे संप झाले. सरकारनें आणीबाणी पुकारली, वृत्तपत्रांवर निर्बंध घातले आणि बेरांजे व त्यांच्या साथीदारांना तुरुंगांत घातलें. १९७५ च्या मे महिन्यांत विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्यानंतर मतदानाचें वय अठरावर आलें आणि १९७७ पासून माध्यमिक शिक्षण निःशुल्क झालें.

येथें एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. त्या काळांत नव्यानें स्वतंत्र झालेल्या कित्येक देशांत पुढें ढकललेली निवडणूक पुन्हां कधीं आलीच नाहीं. एखाद्या पहांटे फौजेच्या गाड्याच आल्या. मॉरिशसला मात्र खडी फौज नाहीं. तेथें पोलीस व त्यांचें एक सशस्त्र दल आहे, एवढेंच. आणि १९७६ च्या डिसेंबरांत निवडणूक खरोखरच झाली. बेरांजे यांच्या पक्षाला ७० पैकीं ३४ जागा मिळाल्या, रामगुलाम यांच्या आघाडीला २८, द्युव्हाल यांना ८. पहिला पक्ष विरोधांत बसला, कारण अठ्ठावीस व आठ मिळून छत्तीस होतात. चळवळ्या तरुणांनीं हा निकाल मानला, हें त्यांस भूषणावह झालें.

त्याचें फळ १९८२ मध्यें मिळालें. जूनच्या निवडणुकींत बेरांजे यांच्या पक्षाच्या आघाडीनें मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा जिंकल्या. राष्ट्रपिता म्हणविणारे रामगुलाम स्वतःच्या मतदारसंघांत पडले. एका मतदाराला तीन मतें असल्यामुळें वारा एका बाजूनें वाहूं लागला कीं सगळे शीड त्याच बाजूस भरतें. सत्ता एक दगडहि न उडतां हातांतून हातांत गेली. अनिरुद्ध जगन्नाथ मुख्य प्रधान झाले, बेरांजे अर्थमंत्री. पण नऊ महिन्यांतच त्यांच्यांत फूट पडली. काटकसरीचें अंदाजपत्रक, क्रिओल बोलीचें स्थान आणि मुख्य प्रधानाचे अधिकार हीं भांडणाचीं कारणें. जगन्नाथ यांनीं नवा पक्ष काढून १९८३ च्या ऑगस्टांत पुन्हां बहुमत मिळविलें. पडलेल्या रामगुलामांना नव्या सरकारनें गव्हर्नर जनरल केलें, आणि १९८५ मध्यें त्याच पदावर असतांना ते वारले.

जगन्नाथ यांच्या काळांत बेटाचें दारिद्र्य हटलें. त्याचीं बीजें आधींच पेरलेलीं होतीं. १९७० च्या कायद्यानें परदेशीं पाठवावयाचा माल तयार करणाऱ्या कारखान्यांना करांत सवलती दिल्या होत्या. १९७५ च्या करारानें युरोपीय राष्ट्रांनीं दरसाल जवळजवळ पांच लाख टन साखर चढ्या भावानें घेण्याचें मान्य केलें होतें. सरकारनें फ्रेंच मळेवाल्यांच्या जमिनी काढून घेतल्या नाहींत. साखरेच्या निर्यातीवर कर बसवून शाळा व दवाखाने चालविले. मळेवाल्यांचा नफा व हाँगकाँगचें भांडवल मिळून कापडाचे व कपडे शिवण्याचे कारखाने निघाले, आणि हजारों स्त्रिया प्रथमच घराबाहेर मजुरीस जाऊं लागल्या. १९८० नंतरच्या दहा वर्षांत बेकारी ओसरली. पुढें कापडाच्या व २००९ मध्यें साखरेच्या सवलती संपल्या, तेव्हां प्रवासी व्यवसाय आणि पेढ्या यांनीं देश तगविला. अन्नाचा घास सर्वांच्या ताटांत थोडाबहुत पडूं लागला म्हणजे जमातीजमातींतील संशय आपोआप निवळतो, असें मात्र समजूं नये.

१२ मार्च १९९२ रोजीं मॉरिशस प्रजासत्ताक झालें. त्याच वर्षीं कासम उतीम हे मुसलमान गृहस्थ अध्यक्ष झाले. २००२ मध्यें दहशतवादविरोधी कायद्यावर सही करणें त्यांच्या मनास पटेना, तेव्हां त्यांनीं सही न करतां पद सोडलें. २००३ मध्यें, अगोदरच्या करारानुसार, जगन्नाथ यांनीं मुख्य प्रधानकी बेरांजे यांस दिली. फ्रेंच वंशाचा, हिंदू नसलेला माणूस प्रथमच त्या खुर्चीवर बसला. १९६८ मध्यें हें कोणास सांगितलें असतें, तर त्याला खरें वाटलें नसतें. परंतु याच सुमाराची दुसरीहि बाजू आहे. १९९९ च्या फेब्रुवारींत काया नांवाचा लोकप्रिय क्रिओल गायक पोलिसांच्या कोठडींत मरण पावला, आणि कित्येक दिवस बेटावर दंगे पेटले. गुलामांच्या वंशजांच्या वस्त्यांत सुबत्तेचा उजेड पुरता पोंचला नव्हता, हें त्या आगीच्या उजेडांत साऱ्या देशाला दिसलें.

जमातीच्या रकान्याचा प्रश्नहि पुढें आला. फ्रेंच मळेवाला आणि त्याच्या मळ्यावर राबलेल्या गुलामाचा नातू, दोघेहि ‘सामान्य लोक’ या एकाच सदरांत मोडतात. मराठी, तामीळ व तेलगू मंडळी निवडणुकीच्या कायद्यांत हिंदूंत धरलीं जातात. बेटावर मात्र तीं आपला वेगळेपणा जपतात. तेथील शाळांत मराठी शिकविली जाते आणि गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुट्टी असते. १९८२ मध्यें शिरगणतींतून जमातीचा रकाना काढून टाकला, पण आठ जागांचा हिशेब १९७२ च्या जुन्या आंकड्यांवरच होत राहिला. २००५ मध्यें कांहीं उमेदवारांनीं जमात लिहिण्यास नकार दिला, तेव्हां त्यांचे अर्ज नामंजूर झाले. ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपर्यंत गेले आणि २०१२ मध्यें समितीनें त्यांच्या बाजूनें मत दिलें. २०१४ च्या निवडणुकीपुरती जमात न लिहिण्याची मुभा मिळाली. योजना मात्र राहिली. आजारांत दिलेली काठी बरा झाल्यावरहि सुटत नाहीं, असें एक पक्ष म्हणतो. काठी टाकल्यावर पडलों तर उचलणार कोण, असें दुसरा विचारतो. दोघांच्याहि बोलण्यांत तथ्य असल्यानें हा वाद मिटत नाहीं.

आतां चागोस. १९६८ ते १९७३ या काळांत तेथील सुमारें दीड ते दोन हजार माणसें बेटांवरून हलविण्यांत आलीं. तेथें पिढ्यान् पिढ्या नारळाच्या बागांत काम करून राहिलेले हे लोक मॉरिशस व सेशेल्सच्या धक्क्यांवर उतरले, तेव्हां त्यांच्या हातीं पेटीबोचक्यांपलीकडे फारसें कांहीं नव्हतें. त्यांचीं पाळलेलीं कुत्रीं मारून टाकण्यांत आलीं होतीं. डिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा तळ उभा राहिला. मॉरिशसनें हा प्रश्न सोडला नाहीं. २५ फेब्रुवारी २०१९ रोजीं जागतिक न्यायालयानें तेरा विरुद्ध एक मतानें सांगितलें कीं, चागोस तोडणें कायदेशीर नव्हतें आणि ब्रिटननें तेथील कारभार लौकर आटोपावा. त्याच वर्षीं संयुक्त राष्ट्रांच्या सभेनें ११६ विरुद्ध ६ मतांनीं तेंच म्हटलें. २२ मे २०२५ रोजीं दोन्ही सरकारांनीं करारावर सह्या केल्या: सार्वभौमत्व मॉरिशसचें, आणि डिएगो गार्सिया ९९ वर्षांच्या पट्ट्यानें ब्रिटनकडे. करार अंमलांत येण्यास पुढील मंजुरीची अट होती. इतर बेटांवर पुन्हां वस्ती करण्याची तरतूद त्यांत आहे. डिएगो गार्सियावर नाहीं. ज्यांना हलविलें, त्यांना न विचारतांच हा सौदा झाला, अशी तक्रार त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं केली. १९६५ मध्यें त्यांना कोणी विचारलें नव्हतें, आणि साठ वर्षांनीं केलेल्या करारांतहि त्यांच्यासाठीं खुर्ची मांडलेली नव्हती.

१९६८ पासून २०२४ च्या निवडणुकीपर्यंत मुख्य प्रधानकीवर पांचच माणसें बसलीं, आणि त्यांतील एकटे बेरांजे सोडले तर बाकीचे चौघे दोन घराण्यांतील बाप-लेक आहेत. स्वराज्य झालें तरी घराण्यांची पकड सुटत नाहीं, ही गोष्ट आपल्याकडेहि अपरिचित नाहीं. पण मतदारानें या घराण्यांना कायमचा पट्टा मात्र दिलेला नाहीं. १९९५ मध्यें त्यानें जगन्नाथांना साठ विरुद्ध शून्य असें घालविलें. २०२४ च्या नोव्हेंबरांत, निवडणुकीच्या तोंडावर सरकारनें समाजमाध्यमें बंद करण्याचा हुकूम काढला व दुसऱ्याच दिवशीं तो मागें घेतला. नंतर दहा दिवसांच्या आंत मतदारानें तसाच साठ विरुद्ध शून्य असा निकाल देऊन अनिरुद्ध यांचे पुत्र प्रविंद जगन्नाथ यांनाहि घरीं पाठविलें आणि नवीन रामगुलाम यांस पुन्हां आणलें.

मॉरिशसमध्यें भांडणें झालीं नाहींत असें नाहीं. दंगे झाले, तुरुंग भरले, निवडणूक चार वर्षें अडविली गेली. परंतु हरलेल्याला पुढच्या खेपेस जिंकण्याची आशा तेथें राहिली, आणि भ्यालेल्याला मंत्रिमंडळांत, सभागृहांत, निदान आठांपैकीं एका खुर्चीवर जागा मिळाली. स्वातंत्र्य नको म्हणून १९६७ मध्यें मत देणाऱ्यांचीं नातवंडें आज त्या निशाणाला आपलें म्हणतात, तें याच कारणानें. ज्यांना ना मत होतें ना जागा, त्या चागोसवासीयांची गोष्ट मात्र त्याच निशाणाच्या इतिहासांत लिहावी लागते. ती वगळून मॉरिशसच्या स्वराज्याचा धडा पुरा होत नाहीं.